जहाजावरची पहिली पंगत

मी ज्या जहाजावर वेटर होते, तिथे संध्याकाळी सहानंतर जीन्स घातलेल्या माणसाला मोठ्या हॉलमध्ये जेवायला मिळत नसे. माणूस कितीही बडा असो, त्याला दारात अडवायचं, हसून अडवायचं आणि वरच्या मजल्यावरच्या बुफेचा रस्ता दाखवायचा, असं आम्हाला शिकवलेलं होतं. फॉर्मल नाइट असली की त्याहून कडक. पुरुषांना गडद सूट आणि टाय नाहीतर बो, बायकांना लांब गाऊन किंवा आपापल्या देशाचा चांगला पोशाख. एकदा काळ्या सुटाखाली तपकिरी बूट घालून आलेल्या एका आजोबांकडे शेजारच्या टेबलावरच्या आजींनी असं काही बघितलं, की ते बिचारे सूप तसंच ठेवून बूट बदलायला गेले. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी आमच्या पाटोद्यातही पाहिली होती, पण इतक्या इस्त्रीच्या कपड्यांत सोलताना पहिल्यांदाच पाहिली.

हे सगळं मी फोनवर दादांना सांगत होते, आणि चिडून सांगत होते. दादा म्हणजे माझे वडील. मला वाटलं होतं तेही चिडतील, निदान हसतील तरी. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे कायद्यात लिवलेलं हाय का?"

"हो दादा. छापील कागद असतो, प्रत्येकाच्या खोलीत ठेवतात."

"त्यात कपडे सोडून दुसरं काय इचारतात?"

"दुसरं काय विचारणार? कपडेच."

"म्हंजी फकस्त कपडे."

"दादा, लई शिष्ट लोक असतात ते."

"असू दे की. शिष्टपणा कपड्याचाच ना? कपडे काय, शिवता येतात."

त्यांचं म्हणणं मला कळलं होतं, आणि तुम्हालाही कळावं म्हणून घरचं थोडं सांगावं लागेल.

आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं. आजोबांच्या काळात आम्ही बौद्ध झालो. दादा आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामावर होते. सायकलवर गावोगाव फिरायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि काच तपासायला पाठवायची. सगळ्या तालुक्याचं रक्त दादांनी काढलं, पण त्यातल्या कितीतरी घरांत त्यांना पाणी मिळालं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. हे ते कधी तक्रारीच्या सुरात सांगत नसत. आज पाऊस पडला, उद्या बाजार आहे, तसं सांगत.

आमच्या घरात भिंतीवर सुटाबुटातला फोटो आहे, तो प्रत्येक बौद्ध घरात असतो. दादांनी नोकरी लागल्यावर बीडच्या शिंप्याकडून तसाच गडद निळा थ्री-पीस शिवून घेतला. जयंतीला, वंदनेला, आणि गावातल्या कुणाचंही लग्न असलं की दादा तो घालत. लग्नात अक्षता टाकायच्या आणि न जेवता घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. कारण लहानपणी त्यांनी पंगत पाहिली होती. गावच्या लग्नात सगळ्या पंगती उठल्या की मांडवाच्या मागे, बैल बांधायच्या जागेजवळ आमच्या लोकांची पंगत बसे. उरलेलं अन्न लांबूनच पत्रावळीवर पडे. दादा सांगत, तिथं बसून त्यांना पुढच्या पंगतीतला हसण्याचा आवाज ऐकू यायचा.

आता तसं काही राहिलेलं नाही, असं सगळे म्हणतात. आता मंगल कार्यालयं झाली, लॉन झाले, बुफे आला. मी एकदा दादांना म्हटलं, बुफेत तर कुणी कुणाला उठवत नाही, मग जेवत का नाही? ते म्हणाले, "बुफेत कुणी कुणाच्या शेजारी बसत न्हाई, म्हून तर बुफे आला बाई." मग म्हणाले, "मला बसून जेवायचंय. चार लोकांत. कुणीतरी वाढतंय अन् आपण सुटात बसलोय, असं."

एवढीच त्यांची हौस. बंगला नको, गाडी नको.

मी संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट केलं, दोन हॉटेलांत भांडी आणि माणसं दोन्ही सांभाळली आणि मग जहाजावर लागले. जुन्या वळणाचं जहाज होतं. दोन वेळांना जेवण असायचं, आधीची पाळी आणि नंतरची पाळी, आणि दोन्ही पाळ्यांच्या जागा ठरलेल्या. वर पाहुण्यांत जसा मान, तसा खाली आमच्यातही मान. अधिकाऱ्यांची खाणावळ वेगळी, आमची वेगळी, इंजिनातल्या आणि साफसफाईच्या लोकांची वेगळी. पाहुण्यांच्या जिन्यावर आम्ही गणवेशाशिवाय पाऊल टाकायचं नाही. हेही मी दादांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "ते हुद्द्याचं हाय. हुद्दा बदलतो."

पुढे आमचं जहाज मुंबईला लागणार आणि तिथून कोलंबोला जाणार असं कळलं. नोकरीतल्या माणसांच्या आईवडिलांना सवलतीत यायची सोय होती. मी दोघांना विचारलं. माय आधी नको म्हणाली, तिला पाण्याची भीती. मग कोलंबोला मोठे विहार आहेत हे कळल्यावर तयार झाली. दादांनी एकच प्रश्न विचारला.

"आपली पंगत कोणती?"

"पहिली, दादा. मी पहिल्या पाळीतच तुमची जागा ठेवते. माझ्याच टेबलावर. मी वाढणार तुम्हाला."

फोन कानाला तसाच धरून दादांनी मायला हाक मारली, "सूट काढ गं बाहेर."

मग घरी जे काही सुरू झालं ते मायच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. दादांनी विचारलं, गडद निळा चालतो का, की काळाच लागतो? आमच्या हॉलचा मुख्य एक वयस्क गोरा माणूस होता, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, गडद निळा तर काळ्याहून खानदानी. हे दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला ठावं होतं." मग काटेचमचे आले. दादा रोज सकाळी धपाटं काट्यानं दाबून सुरीनं कापत आणि माय म्हणे, "धपाट्याला सुरी लावायला ते काय कलिंगड हाय?" गल्लीतली माणसं त्यांना कप्तान म्हणायला लागली. दादांना ते मनातून आवडत होतं, वरून ते "काय बे, कामधंदे न्हाईत का" असं म्हणत.

मुंबईहून निघाल्यावर पहिलीच संध्याकाळ फॉर्मल होती. सूर्य अजून पाण्यावर होता, हॉलच्या मोठ्या काचांतून ऊन थेट पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलेलं. दादा आणि माय मोठ्या जिन्यावरून उतरले. दादांचा सूट मी शंभरदा पाहिला असेल, पण त्या जिन्यावर पहिल्यांदाच पाहत होते. माय निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती, जी ती वंदनेला नेसते. मुख्य वाकला आणि त्यानं मायची खुर्ची मागे ओढली. माय वळून बघायला लागली, खुर्ची का काढून घेतली म्हणून. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बस, माय." ती बसली आणि मला हसू आवरेना.

आठ जणांचं टेबल होतं. चार गोरे म्हातारे, माझे आईवडील आणि दोन जागा रिकाम्या. एका गोऱ्या आजीनं दादांच्या सुटाकडे बघून मान डोलावली आणि फार सुंदर शिवलाय, असं इंग्रजीत म्हणाली. तपकिरी बूटवाल्या आजोबांना उठवणारी तीच ती आजी, दरवर्षी आमच्याच जहाजावर येणारी. मी दादांना अर्थ सांगितला. त्यांनी छातीवर हात ठेवून तिला मान लववली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं की दादांचं खरं आहे आणि मीच उगाच चिडत होते.

मग रिकाम्या जागांवरचं जोडपं आलं. काळा सूट, बो, बाईंची जड रेशमी साडी. माझं आणि मायचं बोलणं कानावर पडलं तसे ते गृहस्थ उजळले.

"मराठी का? कुठले तुमी?"

"बीडचे," दादा म्हणाले. "पाटोदा तालुका."

"आरं! आमी आष्टीचे की! आता पुण्याला असतो, कंत्राटं घेतो सरकारी, पण घर आष्टीचं. बघा, कुठं भेटावं माणसानं!" त्यांनी दादांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "आडनाव काय म्हणालात?"

दादांनी आडनाव सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की ते आमच्यातही आहे आणि गावच्या पाटलांतही आहे.

"मग तुमी पाहुणेच निघाले की आमचे! माझी आत्या तुमच्यात दिलीय!" गृहस्थांनी दादांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. त्यांच्या बाईंनी टोपलीतला पाव काढला आणि स्वतःच्या हातानं मायच्या ताटलीत ठेवला. "घ्या ताई, लाजू नका."

मी पाणी ओतत होते. हे कुठे जाणार ते मला दिसत होतं. आमच्याकडच्या माणसाला ते दिसतंच. दादांनाही दिसलं असणार.

बाईंनीच तोंड फोडलं. मायच्या साडीकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, पांढरं कावून नेसलात? कुणी गेलं का घरात?"

"न्हाई बाई," माय म्हणाली. "आमच्यात चांगल्या कामाला पांढरंच नेसतात."

"आमच्यात?"

गृहस्थ दादांकडे बघायला लागले. दादांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. नॅपकिननं तोंड टिपलं, ते त्यांनी घरी पाठ केलं होतं. मग तालुक्याचं नाव सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आडनाव एक असलं तरी तुमचं अन् आमचं येगळं हाय. आमी बौद्ध."

"असं होय," गृहस्थ म्हणाले. "चांगलंय की. आता कुठं काय राहिलंय तसलं."

ते हसत होते. फक्त दादांच्या खुर्चीवरचा हात त्यांनी काढून घेतला. बाई काचेबाहेर समुद्र बघायला लागल्या. त्यांच्या ताटलीतला पाव अर्धा खाऊन झाला होता, तो तसाच राहिला. सूप आलं, ते दोघांनी हलवलं आणि ठेवलं. मग गृहस्थ उठले, मुख्याकडे गेले आणि फर्ड्या इंग्रजीत म्हणाले, की त्या टेबलावर एसीचा झोत येतो, बायकोची मान दुखते, टेबल बदलून मिळेल का.

मी बाजूच्या टेबलाशी ताटल्या ठेवत होते, सगळं ऐकू येत होतं. मुख्यानं जागांचा नकाशा पाहिला. हॉल भरलेला होता. एकच दोघांचं टेबल रिकामं होतं, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी. तिथं पूर्ण भाडं भरलेल्या पाहुण्यांना बसवता येत नाही, हा आमच्याकडचा साधा नियम. त्यानं गृहस्थांना सांगितलं, आपण उठू नका, मी टेबलावरच्या दोन जागा मोकळ्या करून देतो, मग आपल्याला झोतापासून लांबची खुर्ची घेता येईल. आणि मला बाजूला बोलावून तो म्हणाला, "तुझ्या आईवडिलांना तिकडे बसवू या? दोघांचंच टेबल आहे, निवांत."

"त्यांना चालणार नाही," मी म्हणाले.

"अगं, नुसतं टेबल तर आहे."

मग मी त्याला सांगितलं. जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात सगळं सांगितलं, आडनाव, साडी, पाव. तो माणूस माझ्याशी कायम चांगला वागलेला. त्यानं कपाळाला आठ्या घालून नीट ऐकलं. वळून दादांकडे पाहिलं, वरपासून बुटापर्यंत. आणि म्हणाला, "पण तुझ्या वडिलांचे कपडे तर अगदी नियमात आहेत." त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या हिशेबी कपडे नियमात असले की दुसरं कारण उरतच नाही, म्हणजे मग एसीच असणार. त्यानं माझा खांदा थोपटला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. त्याच्याशी भांडायला जागाच नव्हती.

मी टेबलाशी गेले. "दादा, टेबल बदलायचंय."

"कावून?"

"यांना एसी लागतोय म्हणे."

दादांनी वर छताकडे पाहिलं. "मंग ते उठत न्हाईत?"

गृहस्थ मेनूकार्ड वाचत होते. दादा उठले. उठताना कोटाचं बटण लावायचं असतं, ते त्यांनी लावलं. आणि मग त्यांच्या हातांनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांनी आपली सुपाची ताटली उचलली, वर वाटी, डाव्या हातात पाण्याचा ग्लास. आमच्याकडे उठवलेल्या माणसानं आपलं भांडं आपण उचलायचं असतं, ते दुसऱ्यासाठी मागे ठेवायचं नसतं. हॉटेलात चहा प्यायला तरी कप आपणच विसळायचा, लहान वयापासून लागलेली ती सवय. मायनंही तिची ताटली उचलली, त्यात त्या बाईनं दिलेला पाव होता.

त्या हॉलमध्ये पाहुणा आपली ताटली घेऊन चालतो, हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. मुख्य धावत आला, नको सर, राहू द्या सर, म्हणत दादांच्या हातातून ताटली घ्यायला लागला. दादा सोडेनात. सूप हिंदकळून निळ्या बाहीवर सांडलं. गोरी आजी म्हणाली, अरेरे, तुम्ही निघालात का? तेव्हा आष्टीचे गृहस्थ मेनूकार्डावरून मान वर करून तिला म्हणाले, की त्यांना एकांत आवडतो.

मला उरलेलं सूप त्यांच्या डोक्यावर ओतायचं होतं. आजही ओतायचं आहे.

दाराशेजारच्या टेबलावर दादांनी सगळं जेवण केलं. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, एकदाही चुकले नाहीत. दार उघडलं की आतला भांड्यांचा आवाज यायचा आणि ते बोलायचे थांबायचे. प्रत्येक पदार्थाला मला म्हणत होते, चांगलं हाय. माय ताटलीतल्या पावाचे तुकडे करत बसली होती, खात नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला सुट्टी होती तेव्हा दादा डेकवर भेटले. साधा पांढरा शर्ट घातलेला. जेवण वरच्या बुफेत घेतो म्हणाले. मी विषय काढला नाही, त्यांनीच काढला.

"मी सांगायला नको होतं का गं?"

"दादा, तुम्ही बरोबर केलंत."

"बरोबर तर केलं," ते म्हणाले. "जेवण कुठं झालं?"

मी म्हटलं, जाऊ द्या, असल्या माणसांच्या शेजारी बसून जेवण्यात काय ठेवलंय. ते माझ्याकडे बघत राहिले. ज्याला कधी तिथून उठवलेलं नाही त्यानं असं बोलावं, असं काहीसं त्यांच्या नजरेत होतं. मी आयुष्यभर शाळेत, कॉलेजात, हॉटेलात सगळ्यांच्या बरोबर बसून जेवलेली मुलगी. माझं ते बोलणं त्यांना कुठे पोचणार? पाटोद्यात आज कुणी त्यांना विचारलं की जहाज कसं होतं, तर ते लिफ्टबद्दल सांगतात, उडणाऱ्या माशांबद्दल सांगतात. जेवणाचा विषय निघाला की म्हणतात, सगळं बिनमसाल्याचं.

कोलंबो यायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फॉर्मल होतं. दाराशेजारच्या टेबलावर मी दोघांची वाट बघत होते. ते आले, पण माझ्याकडे आले नाहीत. मधल्या एका सहा जणांच्या टेबलावर नगरकडचे एक निवृत्त वकील आणि त्यांच्या बाई बसत. दादांची त्यांच्याशी डेकवर ओळख झाली होती, आणि त्यांनी जेवायला आपल्या टेबलावर बोलावलं होतं. मुख्य खूश होता, बघ, झालं ना सगळं नीट, असं त्यानं मला डोळ्यांनीच सांगितलं. बाहीवरचा डाग घासून घासून काढलेला दिसत होता. आणि माय जांभळी साडी नेसली होती. जरीच्या काठाची, माझ्या चुलतभावाच्या लग्नातली. पांढरी साडी बॅगेत होती, धुतलेली, घडी केलेली, मला माहीत होतं. तेवढ्यावरून मला समजलं.

ते टेबलही माझ्याच भागात होतं. मी सूप घेऊन गेले तेव्हा वकीलबाई विचारत होत्या, आणि दादांनी आडनाव सांगितलं. तेच, खरं.

"म्हणजे आपल्यातलेच!" बाई म्हणाल्या.

दादा हसले. खोटं काहीच बोलले नाहीत. नुसते हसले, आणि सुपात चमचा घातला.

मग त्या टेबलावर गप्पा रंगल्या. वकीलसाहेब दादांना ऊस आणि राजकारण सांगत होते, दादा बरोबर तिथं हो म्हणत होते, बरोबर तिथं हसत होते. मधेच वकीलसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी दुरून बघत होते. दादांना हवं होतं ते सगळं तिथं होतं, चार लोक होते, वाढणारं माणूस होतं, सूट होता. माय समोरच्या ताटलीकडे बघत बसली होती.

मुख्य पदार्थ घेऊन मी गेले तेव्हा वकीलबाईंनी माझ्या छातीवरची पट्टी वाचली. तिच्यावर माझं पहिलं नाव आणि देश एवढंच असे.

"मराठी वाटतेस गं. कुठली तू?"

मी ताटली दादांसमोर ठेवत होते. दादांची मान खाली होती.

"मॅडम, आम्हाला पाहुण्यांशी जास्त बोलायची परवानगी नसते," मी म्हणाले. तसा नियम खरंच होता. तो नियम मी त्याआधी कधी पाळला नव्हता.

बाई दादांकडे वळल्या. "बघा, कुठल्या कुठल्या पोरी येतात. दुसऱ्याची उष्टी काढायला इतक्या लांब! आपण आपल्या पोरींना असली कामं करू देऊ का हो?"

टेबलावर सगळे दादांच्या उत्तराची वाट बघत होते. मीही बघत होते. मायचा हात टेबलक्लॉथवर होता आणि तिनं कापड मुठीत धरलं होतं.

"न्हाई," दादा म्हणाले. "कशी देणार?"

मग माझ्याकडे न बघता, काटा उचलताना, त्यांनी मला थँक्यू म्हटलं. मी म्हणाले, यू आर वेलकम, सर. आणि पुढच्या टेबलाकडे गेले, कारण तिथले लोक वाट बघत होते.

पंगत उठल्यावर मी त्यांच्या खोलीच्या वाटेवर गेले. गणवेशात होते म्हणून मला तिथून जाता येत होतं, पण थांबता येत नव्हतं. माय दारात उभी होती. तिनं माझा हात धरून मला थांबवलं. डोळे कोरडे होते तिचे, रागानं कोरडे.

"तू कुणाची लेक हायेस ते तुला ठावं हाय," ती म्हणाली. "मला येवढं सांग, मी आज कुणाची बायको म्हून जेवले?"

तिच्यामागे दार उघडं होतं. आत दादा आरशासमोर उभे राहून कोट हँगरला लावत होते. त्यांनी ऐकलं. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले, आणि ते बाहेर आले नाहीत.